सापाच्या पेटीत अंथरावे काय?

कामठा (जि. गोंदिया) : धानाची कापणी आटोपून बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहिले, की गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या गावांत उंदीर वाढतात आणि त्यांच्या मागावर धामण, नाग घरांपर्यंत येतात. पकडलेला साप वनविभागाच्या सूचनेनुसार पुन्हा त्याच्या अधिवासात सोडणे, हीच योग्य पद्धत होय. मात्र साप जखमी असल्यास उपचार केंद्रात त्याला काही दिवस पेटीत ठेवावे लागते. शहरांत परदेशी साप पाळणाऱ्यांकडे तर तो वर्षानुवर्षे पेटीतच राहतो. त्या पेटीच्या तळाशी काय अंथरले आहे, यावर सापाचे आरोग्य बरेचसे अवलंबून असते.

आधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, अजगर, धामण यांसारखे देशी साप घरी पाळता येत नाहीत. जखमी साप आढळल्यास वनविभागाला कळविणे आवश्यक आहे. बॉल पायथॉनसारख्या परदेशी सापांची नोंदणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार सक्तीची झाली असून, ती 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते.

धोका कशामुळे?

सापाला माणसासारखे श्वासपटल नसते. त्यामुळे फुप्फुसात गेलेली धूळ किंवा साचलेला कफ त्याला जोराने खोकून बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांचे केवळ उजवे फुप्फुसच पूर्ण विकसित झालेले असते. शिवाय त्याचे पोट सदैव जमिनीला टेकलेले असते. अंथरूण ओले आणि घाण राहिले, तर पोटाच्या खवल्यांवर फोड येऊन ते कुजू लागतात. विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया श्वसनमार्गाला इजा करतो.

सहज मिळणारे, पण अयोग्य

धानपट्ट्यात तणस आणि तूस फुकटात मिळतात. परंतु ओल लागताच तणशीला बुरशी येते. तुसाची धूळ नाकातोंडात जाते आणि त्याच्या टोकदार कडा तोंडाला टोचतात.

सुतारकामाचा भुसाही टाळावा. त्यात सागाबरोबरच प्लायवूडचा डिंक आणि खोक्यांसाठी वापरलेले चिडाचे लाकूड मिसळलेले असू शकते. चीड व देवदार यांतील सुगंधी तेले सापांना अपायकारक ठरतात. भक्ष्याबरोबर गिळली गेलेली वाळू आतड्यात साचून अडथळा निर्माण करू शकते.

मग योग्य काय?

आजारी, जखमी किंवा नव्याने आणलेल्या सापासाठी कागद सर्वांत सोयीचा. साधे वर्तमानपत्र किंवा पांढरा टिपकागद दोन-तीन थरांत अंथरावा. जाहिरातींच्या गुळगुळीत पुरवण्या ओल शोषत नाहीत, म्हणून त्या वापरू नयेत. पांढऱ्या कागदावर रक्ताचा डाग, विष्ठेतील बदल आणि बारीक काळ्या गोचिडीही लगेच दिसतात.

निरोगी सापासाठी धुऊन वाळवलेला नारळाचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, उपयुक्त ठरतो. मात्र खत मिसळलेला नको. बॉल पायथॉनला साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, कोरड्या प्रदेशातील सापांना त्याहून कमी. विदर्भात मे महिन्यात हवा अतिशय कोरडी असते, तर पावसाळ्यात दमट. त्यामुळे एकच ओलसरपणा बाराही महिने चालत नाही. मूठभर भुसा दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, ही सोपी कसोटी. हवा फार कोरडी राहिली, तर कात सलग न उतरता तुकड्यांनी निघते.

स्वच्छता

विष्ठा दिसताच तेवढा भाग काढून टाकावा. कागद मळताच बदलावा आणि भुसा ठरावीक काळाने पूर्ण बदलावा. पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच साप आत ठेवावा. घरोघरी वापरले जाणारे फिनाईल आणि डांबरगोळ्या पेटीच्या जवळपासही आणू नयेत.

साप तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे येत असतील किंवा पोटावर फोड दिसत असतील, तर अंथरूण बदलून वाट पाहत बसू नये. त्याला त्वरित पशुवैद्यकाला दाखवावे.