नंबर नको, नाव घ्या!

१९९५ चा मार्च. जपानमधल्या एकोणीस वर्षांच्या एका कॉलेजच्या मुलाने जाहीरपणे आपलं नाव सांगितलं, चेहरा दाखवला आणि आपल्याला एचआयव्ही असल्याचंही सांगून टाकलं. र्‍युहेई कावादा त्याचं नाव. आज लोक ब्रेकअपसुद्धा लाइव्ह येऊन सांगतात, त्यामुळे यात एवढं काय, असं वाटू शकतं. पण त्याच्याबरोबर सरकार आणि औषध कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेलेल्या जवळपास सगळ्यांची ओळख तेव्हा फक्त एक नंबर होती. साक्ष द्यायची तीही पडद्याआडून. शेजाऱ्यांना कळलं तर? नोकरी गेली तर? बहिणीचं लग्न मोडलं तर? ही भीती आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

र्‍युहेईला हिमोफिलिया होता. रक्त गोठायला शरीरात काही प्रथिनं लागतात, त्यांना फॅक्टर म्हणतात. त्यातलं आठ किंवा नऊ नंबरचं प्रथिन जन्मापासूनच कमी असेल, तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. हा आजार बहुतेक करून मुलांनाच होतो. टाचणी टोचली की हे लोक रक्त वाहून मरतात, ही आपली फिल्मी समजूत मात्र चुकीची आहे. खरा त्रास आतून होतो. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आपोआप रक्त साचतं, सांधा सुजून भोपळ्यासारखा होतो, रात्र-रात्र झोप लागत नाही. असं वारंवार झालं की तो सांधा कायमचा आखडतो.

१९७०च्या आसपास यावर जादूच वाटावी असं औषध आलं. माणसांच्या रक्तातल्या प्लाझ्मातून फॅक्टर वेगळा काढून त्याची पावडर केलेली असायची. फ्रिजमधली छोटी बाटली काढायची, पाण्यात मिसळून घरीच शिरेत टोचून घ्यायची आणि सरळ शाळेत जायचं. मुलं सहलीला जाऊ लागली. आयांनी सुटकेचा श्वास टाकला.

गडबड त्या पावडरीच्या कृतीतच होती. एका घाण्यासाठी हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र ओतला जायचा. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला तरी अख्खा घाणा नासायचा. शिवाय बराचसा प्लाझ्मा अमेरिकेतून यायचा आणि तिथे तो पैसे देऊन विकत घेतला जायचा. पैशांची गरज असलेला माणूस स्वतःचं दुखणं सांगत बसत नाही. मग त्या बाटल्यांमधून हेपटायटिस बी आला, पुढे ज्याला हेपटायटिस सी हे नाव मिळालं तो आला आणि ऐंशीच्या दशकात एचआयव्हीही आला. जपानमध्ये हिमोफिलियाच्या सुमारे १,४०० रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली.

तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण ते खरं नाही. औषध तापवून विषाणू मारायची पद्धत निघाली होती आणि तापवलेल्या फॅक्टरला अमेरिकेत १९८३ मध्ये परवानगीही मिळाली होती. जपानने ती दिली १९८५ च्या जुलैमध्ये. त्यानंतरही न तापवलेला जुना माल सक्तीने परत मागवला गेला नाही, तो वापरला जातच राहिला. त्यात कहर म्हणजे, लागण झाल्याचं कित्येक रुग्णांना डॉक्टरांनी सांगितलंच नाही. त्यामुळे काहींच्या बायकांनाही लागण झाली. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. विषाणू कुणी मुद्दाम घातला नव्हता, पण गप्प बसणं हा घेतलेला निर्णय होता.

र्‍युहेईला मात्र त्याच्या आईने, एत्सुको कावादा यांनी, तो दहा वर्षांचा असतानाच खरं सांगून टाकलं. दहा वर्षांच्या मुलाला! पण बहुधा त्यामुळेच तो एकोणिसाव्या वर्षी उभा राहू शकला.

त्याने नाव सांगितल्यावर वातावरण बदललं. तोवर एका रोगाची बातमी होती, आता समोर आपल्याच वयाचा, बॅग अडकवून लेक्चरला जाणारा एक पोरगा होता. कॉलेजची मुलंमुली मोठ्या संख्येने यात उतरली. जुलै १९९५ मध्ये टोकियोतल्या आरोग्य मंत्रालयाभोवती हजारो लोकांनी मानवी साखळी केली. १९९६ च्या जानेवारीत नाओतो कान आरोग्यमंत्री झाले आणि त्यांनी मंत्रालयातच शोध घ्यायला लावला. जी कागदपत्रं नाहीतच असं सांगितलं जात होतं, ती सापडली! धोक्याची चर्चा १९८३ मध्येच झाल्याचं त्यात होतं. सरकारी ऑफिसातली फाइल नेमकी कधी हरवते आणि कधी सापडते, हे जगभर सारखंच दिसतं.

फेब्रुवारीत कान यांनी पीडितांची माफी मागितली. मार्चमध्ये ग्रीन क्रॉस कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि प्रत्येक पीडिताला साडेचार कोटी येन द्यायचं ठरलं. कंपनीच्या माजी अध्यक्षांना पुढे तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या, मंत्रालयातला एक अधिकारीही दोषी ठरला. एका नामवंत डॉक्टरांची मात्र २००१ मध्ये निर्दोष सुटका झाली. म्हणजे हिशेब पूर्ण चुकता झाला असं नाही.

आपल्याकडे काय? भारतात पैसे घेऊन रक्त देणारे 'प्रोफेशनल डोनर' बरीच वर्षं होते. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आली. आज रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी करावी लागते. आता रक्तापासून न बनवलेला, लॅबमध्ये तयार केलेला फॅक्टरही मिळतो. एमिसिझुमॅब नावाचं नवं इंजेक्शन कातडीखाली घ्यायचं असतं, त्यात रक्ताचा संबंधच नाही. ते तयार झालं जपानमध्येच. पण ही औषधं महाग आहेत. जिथे ती पोचत नाहीत, तिथे हिमोफिलियाच्या मुलाला आजही कुणीतरी दिलेल्या प्लाझ्मावर किंवा क्रायोवर भागवावं लागतं. थॅलेसेमियाच्या मुलांना तर नेहमीच रक्त लागतं.

आता आपल्या कॉलेजच्या एनएसएसच्या कॅम्पकडे या. तिथे तो लांबलचक फॉर्म देतात ना, जो आपण मित्राचा बघून भराभर टिक करतो? तपासणीलाही एक 'विंडो पिरियड' असतो. नुकतीच लागण झालेली असेल, तर काही दिवस, कधी काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्हच येतो. न्यूक्लिक अॅसिड टेस्टने, म्हणजे 'नॅट'ने, हा काळ कमी होतो, पण ती सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही. या फटीत यंत्र काही करू शकत नाही, तिथे तुमचं खरं उत्तरच उपयोगी पडतं. वर्षभरात टॅटू काढलाय? असुरक्षित संबंध आलेत? कावीळ झाली होती? मग डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा आणि त्या दिवशी रक्त देऊ नका. सगळा ग्रुप रांगेत उभा आहे म्हणून लाजेकाजेस्तव हात पुढे करू नका. आणि 'फुकटात एचआयव्ही टेस्ट होईल' म्हणून तर मुळीच कॅम्पला जाऊ नका. त्यासाठी सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी केंद्र असतं. तिथे टेस्ट मोफत होते आणि नाव गुप्त राहतं.

र्‍युहेई कावादा २००७ मध्ये टोकियोतून अपक्ष उभा राहिला आणि जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेला. त्याच्या आई त्याच्या आधीच, २००० मध्ये, खासदार झाल्या होत्या. त्याही अपक्षच!