इंजिन उतरवण्यामागचे विज्ञान

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. अशा गावी जीप, टेम्पो, ट्रॅक्टर दुरुस्त करणारी गॅरेजे हवीतच. क्लच प्लेट बदलायची तर गिअर बॉक्स उतरवावा लागतो. बोअर करायचे तर इंजिनही. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये यासाठी क्रेन असते. खेड्यात पत्र्याची शेड, लोखंडी तिपाई आणि साखळीची कप्पी यांवर भागवतात. कोणी घरच्या अंगणातच काम काढतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले हे काम शिकतात. पुस्तकातले बल, घर्षण, गुरुत्वमध्य इथे गुणांपुरते राहत नाहीत; चूक झाली तर बोटे जातात, कधी जीवही जातो. म्हणून या कामाच्या प्रत्येक पायरीमागचे कारण आपण पाहू.

आधी बॅटरी, मग पेट्रोल

पहिले काम बॅटरी सोडण्याचे, आणि त्यातही आधी ऋण टोक. बहुतेक गाड्यांत ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. धन टोकाचा नट ढिला करताना पाना सांगाड्याला टेकला तर मंडल पूर्ण होते, प्रचंड विद्युतधारा वाहते आणि ठिणगी उडते. ऋण टोक आधीच सुटलेले असेल तर पाना टेकूनही काही घडत नाही.

ठिणगीची एवढी धास्ती का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून नळी सोडताना पेट्रोल डब्यात धरावे आणि जवळपास बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग काहीही नको. रेडिएटरचे झाकणही इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. आतल्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते.

टेकू कशाचा द्यावा?

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नाही. तेलाच्या जॅकमध्ये सारा भार एका रबरी सीलने अडवलेल्या तेलावर असतो. सील फाटले की गाडी खाली येते. गाडी उचलल्यावर तिला लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्यावेत, जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून दगड लावावेत, आणि मगच कोणी खाली शिरावे.

विटांचा टेकू मात्र कधीही नको. कुंभाराच्या गावात हे वेगळे समजावून सांगायला नको! भाजलेली माती दाब चांगला सहन करते, पण ती ठिसूळ असते. भार एखाद्या कोपऱ्यावर आला की ती न वाकता, सूचना न देता फुटते. लाकूड आधी दबते, करकरते, सावध करते. शिवाय आपली काळी माती ओली असेल तर स्टँडचा पाय आत रुततो. खाली रुंद फळी टाकली की तोच भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो आणि दाब कमी होतो.

साखळीची कप्पी

मोटेचे चाक फक्त बलाची दिशा बदलत असे. साखळीची कप्पी बलही वाचवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधील टॉमस वेस्टन यांनी केलेल्या विभेदी कप्पीत एकाच आसावर दोन चाके असतात. त्यांच्या त्रिज्या १० आणि ९ सेंटिमीटर धरल्या, तर यांत्रिक लाभ २ × १० ÷ (१० − ९), म्हणजे २० येतो. २०० किलोचे इंजिन घर्षण नसते तर १० किलोच्या ओढीने उचलले गेले असते. मात्र ते १ मीटर वर न्यायला साखळी २० मीटर ओढावी लागते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त कार्य घर्षणात जाते. पण हाच तोटा उपयोगी पडतो, कारण त्यामुळे साखळी सोडली तरी भार आपोआप खाली येत नाही. आजच्या कप्प्यांत दंतचक्रे असतात आणि भार रोखायला ब्रेक व खटका असतो.

कप्पी टांगायची कुठे? माळवदाच्या तुळईला नको. तुळईवर मातीचा भार सर्वत्र सारखा पसरलेला असतो. तेवढाच भार मध्यावर एका बिंदूत टांगला, तर तिला वाकवणारे आघूर्ण दुप्पट होते. त्यात मातीचा मूळ भार असतोच.

तिपाईचे पाय

तिपाईचा प्रत्येक पाय उभ्या रेषेशी ३० अंश कललेला असेल, तर २०० किलोच्या भाराने प्रत्येक पाय सुमारे ३८ किलोच्या बलाने बाहेर सरकू पाहतो. ४५ अंशांना हेच बल ६७ किलोवर जाते. नुसत्या घर्षणावर तोलायचे तर पहिल्या वेळी घर्षणगुणांक ०.५८ लागतो, दुसऱ्या वेळी १. गुळगुळीत फरशीवर लोखंडी पायांना एवढे घर्षण मिळत नाही. म्हणून तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावेत.

इंजिन सुटताना

शेवटचे बोल्ट काढण्यापूर्वी कप्पीची साखळी ताणून घ्यावी आणि गिअर बॉक्सखाली वेगळा जॅक द्यावा. तो क्लचच्या दांड्यावर लोंबकळला तर दांडा आणि प्लेट वाकतात. टांगलेली वस्तू आपला गुरुत्वमध्य आधारबिंदूच्या बरोबर खाली आणते. हूक त्या रेषेत नसेल तर इंजिन सुटताच झोका घेते, आणि हात मध्ये सापडतो. दुसरीकडे, पुढचे ओझे गेल्याने गाडीच्या स्प्रिंगा ताठ होतात, पुढचा भाग वर उठतो. स्टँड पुन्हा तपासावेत.

१ मीटर उंचीवरच्या २०० किलोच्या इंजिनात सुमारे २००० ज्यूल स्थितिज ऊर्जा असते. ५० किलोचे पोते ४ मीटरवरून पडावे, तेवढी. अशा भाराखाली पाय, हात किंवा डोके क्षणभरही नेऊ नये. काम झाले की इंजिन लगेच खाली टेकवावे.

वर्गात करून पाहा

मीटरभर लांबीच्या तीन काठ्यांची तिपाई बांधा आणि तिला एक किलोची पिशवी टांगा. फरशीवर पाय हळूहळू फाकवा, कोणत्या कोनाला ते घसरतात ते मोजा. आता पिशवी दोन किलोची करा. कोन बदलतो का? मग पाय सुतळीने बांधून पुन्हा पाहा. बलांची आकृती मुलांनाच काढू द्या. त्यांच्यापैकी कोणी उद्या गॅरेजात उभा राहील, तेव्हा ती सुतळी त्याला आठवली पाहिजे.