हात कशात गेला?

अपघातात हात गेला तर भरपाई किती मिळते, असं वकिलाला विचारलं की जाणता वकील आधी उलट विचारतो: हात कशात गेला? ट्रकखाली, कारखान्यातल्या प्रेसमध्ये, मळणी यंत्रात, लोकलमधून पडून, की डॉक्टरच्या हलगर्जीपणानं? माणूस तोच, हात तोच. पण उत्तर बदललं की कचेरी बदलते, कायदा बदलतो आणि आकडाही बदलतो.

याचं कारण आपल्याकडच्या कायद्यांच्या जन्मात आहे. शारीरिक इजेच्या भरपाईची एकच एक संहिता इथे कधी झालीच नाही. यंत्रं एकेक करून आली, त्यांनी माणसं मारली, आणि त्या त्या यंत्रापुरता कायदा झाला. 1855 साली प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला, तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. कारखान्यातल्या कामगारांसाठी 1923 चा कायदा आला. मोटारींसाठी आधी 1939 चा आणि मग आज लागू असलेला 1988 चा. जिथे यंत्रामागे विमा कंपनी किंवा सरकारी तिजोरी उभी आहे, तिथे दार उघडं. बाकीच्यांनी दिवाणी दावा लावावा आणि वाट पाहावी.

सर्वांत रुळलेली वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरची. हा दावा पीडित जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, म्हणजे सोलापूरच्या माणसाला इंदूरच्या अपघातासाठी इंदूरला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. घरातला कर्ता गेलेलं कुटुंब सहा महिन्यांत नीट उठूनही बसत नाही. त्यात कागद गोळा करायचे, ही अट मला निर्दयच वाटते. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

भरपाई कशी निघते, ते एकदा आकड्यांत पाहू. समजा, महिना 12,000 रुपये कमावणारा 35 वर्षांचा वायरमन गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाची कमाई 1,44,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढू शकली असती अशा कमाईपोटी 40 टक्के मिळवायचे: 2,01,600. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्यानं स्वतःवर खर्च केला असता तो चौथा हिस्सा वजा: 1,51,200. वयाच्या तक्त्याप्रमाणे 35 ला गुणक 16. झाले 24,19,200. वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या छोट्या रकमा. गुणकाचा तक्ता 2009 च्या 'सरला वर्मा' निकालातला, वाढीव कमाईची टक्केवारी 2017 च्या 'प्रणय सेठी'तली. कोर्टाच्या व्हरांड्यात ही दोन नावं पाढ्यांसारखी म्हटली जातात.

गणित सोपं आहे, भांडण पहिल्या आकड्यावर असतं. वायरमनकडे पगारपत्रक कुठलं? विमा कंपनीचा वकील म्हणतो, महिना सात हजार धरा. मग ज्या दुकानातून तो माल घ्यायचा त्या दुकानदाराला साक्षीला बोलवायचं, बँकेचं पासबुक लावायचं. ज्यानं आयुष्यभर रोखीत कमावलं त्याच्या मरणाची किंमत कागदाअभावी घसरते. बाईच्या वाट्याला तर बरीच वर्षं 'काही करत नव्हती' हेच आलं. जमशेदपूरला 1989 साली लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं. आकडा तेव्हाही तोकडाच होता, पण शून्य तरी पुसलं गेलं. जखमींच्या बाबतीत 2010 चा एक निकाल मला फार शहाणा वाटतो. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर अपंगत्व किती टक्के लिहिलंय यावर न थांबता, त्या माणसाची कमाई किती टक्के बुडाली ते पाहा, असं तो सांगतो. डावा हात गेलेला कारकून खुर्चीवर परत बसू शकतो. सुताराचं काय?

हे सगळं धडक देणारा दुसरा कुणी असला तर. स्वतःची मोटारसायकल स्वतःच घसरली तर 'थर्ड पार्टी' विम्यातून दमडी येत नाही. पॉलिसीसोबत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षण घेतलेलं असेल आणि लायसन चालू असेल, तरच काही हाती लागतं. वऱ्हाड टेम्पोत भरून नेण्याची आपली रीत तर विमा कंपन्यांच्या पथ्यावरच पडते: मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये ठरवलं. मग उरतो टेम्पोचा मालक, ज्याचा टेम्पोच हप्त्यावर असतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार. 2022 पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते.

रेल्वेचा न्याय आणखी निराळा. तिकीट किंवा पास असलेला प्रवासी लोकलच्या दारातून पडून गेला तर घरच्यांना आठ लाख. चूक कुणाची हे विचारलंच जात नाही. दारात उभा होता म्हणून त्यानं स्वतःच ओढवून घेतलं, हा रेल्वेचा युक्तिवाद न्यायालयानं फेटाळलेला आहे. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यानंही दावा बुडत नाही. पण तोच माणूस पूल चढायचा कंटाळा करून रूळ ओलांडताना गेला, तर तो अतिक्रमण करणारा, आणि भरपाई शून्य. म्हणून रेल्वे दावा न्यायाधिकरणात खरा वाद असतो तो गाडीतून पडला की गाडीखाली आला एवढाच, आणि तो स्टेशन मास्तरच्या मेमोवर आणि पंचनाम्याच्या दोन ओळींवर लढला जातो.

शेतात तर पंचनामाही दुर्मीळ. मळणी यंत्रात शेतकऱ्याचा हात गेला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेतून एक लाखाचं अनुदान आहे. हात मजुराचा असेल तर 2025 पर्यंत 1923 चा कायदा यंत्रावरच्या शेतीकामालाही लागू होता, मालकाची चूक दाखवावी लागत नसे. त्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवागणिक टक्के छापलेले होते, अंगठ्याचे तीस. गावात कायदा सांगतो कोण? मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर काही हजार देतो, आणि 'मिटलं' म्हणतात.

दवाखान्यातली हलगर्जी हा स्वतंत्र लेखाचा विषय, पण एक खटला सोडवत नाही. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. लाकडी फळ्या बांधून टॅक्सीनं सुमारे दोनशे मैल त्याला पुण्याला आणलं. तिथे मॉर्फियाचं एक इंजेक्शन देऊन, पुरती भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर, म्हणून काय चुकलं ते त्यांना कळलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 1968 मध्ये, भरपाई 3,000 रुपये. डॉक्टरनं रुग्णाची काय काळजी घ्यायला हवी हे सांगताना हा निकाल अजून आधाराला घेतात. 1995 पासून ग्राहक मंचाचं दार उघडल्यानं असे वाद थोडे लवकर मार्गी लागतात.

आता कारणांकडे. सरकारी आकडेवारीत रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांच्या वर 'अतिवेग' या रकान्यात जातात. हा रकाना कसा भरतो ते पाहायला कुठलीही फिर्याद वाचा. 'वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून' हे वाक्य ठाणे अंमलदाराला झोपेतही येतं. त्यात रस्ता येतो तो चालकाचा गुन्हा म्हणून. उतारावरचं आंधळं वळण, रंग उडालेला गतिरोधक, दुभाजक तोडून ढाब्यानं केलेली वाट हे आरोपी होत नाहीत. सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत दहा माणसं मेली की सरकारच त्याला 'ब्लॅक स्पॉट' म्हणतं. मग अकराव्याच्या फिर्यादीत दोष एकट्या चालकाचा कसा? सदोष बांधणीबद्दल ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड करणारं कलम 2019 च्या दुरुस्तीनं आलं आहे. ते लावल्याच्या बातम्या शोधाव्या लागतात.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2025 चा आदेश मोठाच म्हणायला हवा. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. मुंबईत 2017 च्या ऑगस्टमधल्या पुरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, तेव्हा दोष कुणाचा यावर नुसती चर्चा झाली होती. आता निदान अर्ज कुठे करायचा ते ठरलं आहे: पालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असलेल्या समितीकडे. गोची पुराव्याची आहे. माणूस पडल्यावर पालिकेची गाडी जितक्या तत्परतेनं येऊन खड्डा बुजवते, तितक्या तत्परतेनं पंचनामा होत नाही. म्हणून जखमीला दवाखान्यात हलवलं की मागे राहिलेल्या कुणीतरी खड्ड्याचा फोटो काढावा, शेजारी चप्पल किंवा हेल्मेट ठेवून, म्हणजे खोलीही दिसेल आणि तारीखही राहील.