वैद्यकीय तक्रारी आणि उपचारात्मक शिक्षण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महागाव तालुक्यात एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकास डॉक्टर, परिचारिका किंवा औषध विक्रेता यांच्याविरुद्ध तक्रार करावयाची झाली, तर तो प्रथम सरपंचाकडे, गावच्या गुरुजींकडे किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात जातो. तेथे त्यास बहुधा दोनच मार्ग सांगितले जातात : पोलिसांत जा, नाही तर ग्राहक आयोगाकडे जा. तिसरा मार्ग, म्हणजे व्यावसायिकाची नोंदणी करणाऱ्या परिषदेचा, फारसा कोणी सांगत नाही. वास्तविक ज्या तक्रारीत हेतू वाईट नसून ज्ञान किंवा दक्षता अपुरी पडलेली असते, तिचे खरे उत्तर या तिसऱ्या मार्गानेच मिळणे शक्य आहे.

पहिल्या दोन मार्गांचे प्रयोजन वेगळे आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. तथापि डॉक्टरांविरुद्ध कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय अभिप्राय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणी सांगितले आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा निर्णय त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. मात्र सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये या कक्षेबाहेर राहतात. पहिल्या मार्गाने शिक्षा होते, दुसऱ्याने भरपाई मिळते. परंतु भरपाई देऊन आलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी तोच उपचार त्याच पद्धतीने करणार नाही, याची हमी या दोहोंपैकी कोणताही मार्ग देत नाही.

ही हमी म्हणजे काय, ते यवतमाळ जिल्ह्यातील एका घटनेवरून स्पष्ट होईल. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेच्या दिवशी घाटंजी तालुक्यातील कापसी कोपरी या गावी पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बरी झाली. संबंधित तीन कर्मचाऱ्यांवर कारवाईचा निर्णय जिल्हा परिषद प्रशासनाने तातडीने घेतला. लोकांचा संताप पाहता तो अपेक्षितच होता आणि त्यात गैर काही नव्हते.

परंतु कारवाई झाली म्हणून चूक नाहीशी होत नाही. करोनाच्या त्या काळात प्रत्येक बूथवर सॅनिटायझरची बाटली असणे आवश्यकच होते. म्हणजे या दोन द्रव्यांची अदलाबदल होण्याचा धोका त्या एका गावापुरता नव्हता. पोलिओ लशीच्या कुपीवर एक चौकोन आणि त्याभोवती वर्तुळ छापलेले असते. आतील चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरण्यास योग्य मानतात. प्रत्येक नवी कुपी उघडण्यापूर्वी हे चिन्ह पाहण्याचा परिपाठ ज्याच्या हाताला बसला आहे, त्याच्याकडून दुसरीच बाटली उचलली जाण्याचा संभव फार कमी. हा परिपाठ निलंबनाच्या आदेशाने बसत नाही. तो शिकवावा लागतो, करवून घ्यावा लागतो आणि काही काळाने पुन्हा तपासावा लागतो. उपचारात्मक शिक्षण म्हणतात ते हेच.

शिक्षकवर्गास हा शब्द नवा नाही. एखादा विद्यार्थी भागाकारात चुकतो, तेव्हा गुरुजी त्यास संपूर्ण अंकगणित पुन्हा शिकवीत बसत नाहीत. नैदानिक चाचणी घेऊन हातच्याची चूक आहे की पाढ्यांची, हे ते ठरवितात, तेवढाच भाग पक्का करून घेतात आणि पुन्हा चाचणी घेतात. वैद्यकीय तक्रारीतही क्रम हाच असावयास हवा. तक्रारीच्या चौकशीतून नेमकी उणीव निश्चित व्हावी, त्या उणिवेपुरते शिक्षण ठरवून द्यावे आणि शेवटी परीक्षण व्हावे. यांतील परीक्षण गाळले, तर उरते ती केवळ हजेरी.

आपल्याकडील आजची व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यकीय परिषद आली; आजची महाराष्ट्र वैद्यकीय परिषद १९६५ च्या अधिनियमाखालील असून ती आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंदणी करते. आयुर्वेद व युनानी चिकित्सकांसाठी १९६१ चा, परिचारिकांसाठी १९६६ चा, तर औषध व्यावसायिकांसाठी आणि दंतवैद्यांसाठी १९४८ चे कायदे असून त्यांच्या परिषदा निरनिराळ्या आहेत. तक्रार चुकीच्या परिषदेकडे गेल्यास कालापव्यय होतो, म्हणून संबंधित व्यावसायिक कोणत्या नोंदवहीत आहे हे आधी पाहिले पाहिजे.

डॉक्टरांच्या वर्तनासंबंधी २००२ चे विनियम आज अंमलात आहेत. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे ते सांगतात. दोषी आढळल्यास परिषद तिला योग्य वाटेल ती शिक्षा देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काही मुदतीसाठी अथवा कायमचे कमी करू शकते. याच विनियमांत डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशीही तरतूद आहे. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी या शिक्षणाच्या गुणांकांवर होते. मात्र या दोन तरतुदी एकमेकींना कोठेच भेटत नाहीत. सर्पदंशाच्या उपचारात चुकलेला डॉक्टर ३० तास मधुमेहावरील व्याख्याने ऐकून नूतनीकरणास पात्र ठरू शकतो. निरंतर शिक्षण उपयुक्त आहेच, पण ते सर्वांसाठी असते. उपचारात्मक शिक्षण एका व्यक्तीच्या एका उणिवेसाठी असते.

हे दोन धागे जोडण्याचा प्रयत्न राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केला होता. २ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने नवे व्यावसायिक वर्तन विनियम अधिसूचित केले. सौम्य स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी ताकीद किंवा कार्यशाळेस अथवा शैक्षणिक कार्यक्रमास उपस्थित राहण्याचा आदेश, अशी तरतूद त्यांत होती. परंतु औषधे मूळ नावाने लिहून देण्याच्या सक्तीवरून आणि इतर काही कलमांवरून वाद उद्भवला व त्याच महिन्याच्या २३ तारखेस ते विनियम स्थगित करण्यात आले. ज्या कलमाविषयी फारसा वाद नव्हता, तेही त्यासरशी बाजूस पडले.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ही पद्धत कायद्याने रुळलेली आहे. तेथे १९९१ च्या एकाच कायद्याखाली डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, औषध व्यावसायिक अशा सर्वांच्या नियामक संस्था येतात. तक्रारींचा विचार करणाऱ्या समितीवर व्यवसायाबाहेरील नागरिकही असतात. गंभीर प्रकरण शिस्तभंग न्यायासनाकडे जाते. इतरांत समिती संबंधितास ठरावीक शिक्षणक्रम पूर्ण करण्याचा आदेश देऊ शकते. डॉक्टरांच्या बाबतीत अशा आदेशाची माहिती सार्वजनिक नोंदवहीत लोकांना पाहावयास मिळते आणि निर्णय मान्य नसल्यास तक्रारदारास स्वतंत्र मंडळाकडे पुनर्विलोकन मागता येते. ही शेवटची दोन कलमे महत्त्वाची आहेत. ती नसती, तर ‘डॉक्टरला वर्गात बसवून सोडून दिले’ ही तक्रारदाराची भावना अनाठायी म्हणता आली नसती.

ही भावना आपल्याकडेही आहे आणि तिला कारण आहे. ज्याच्या घरचे माणूस गेले, त्यास प्रशिक्षणाचा आदेश क्षुल्लक वाटणारच. म्हणून मर्यादा स्पष्ट असावयास हवी. पैशासाठी अनावश्यक शस्त्रक्रिया करणे, खोटे प्रमाणपत्र देणे, रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन करणे किंवा मद्यपान करून उपचार करणे यांत ज्ञानाची उणीव नाही. तेथे शिक्षण हा उपाय नव्हे, पळवाट ठरेल. ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, अशा बोगस डॉक्टरच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्यावर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यावसायिक अधिनियमाखाली फौजदारी कारवाईच व्हावयास हवी.

याउलट, विषबाधेतील औषधाची मात्रा, सर्पदंशानंतरचे पहिले तास, प्रसूतीतील रक्तस्रावाची वेळेवर पारख, रुग्ण पुढे पाठविताना लिहावयाची चिठ्ठी या गोष्टी शिकता येतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कपाशीच्या या मुलखात विषबाधेचे उपचार हा प्रत्येक डॉक्टरला आलाच पाहिजे असा विषय ठरतो. शिवाय आडगावात अनेकदा एकच नोंदणीकृत डॉक्टर असतो. त्याचा परवाना सहा महिने काढून घेतला, तर गावचे रुग्ण शहरात जातातच असे नाही. पुष्कळसे बिगर नोंदणीच्या माणसाकडे वळतात.

महागावसारख्या ठिकाणी पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचे साहाय्य मुख्यत्वे तक्रार नीट लिहून देण्यात होऊ शकते. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे, तसेच औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवर छापणे बंधनकारक आहे; तो प्रथम टिपून घ्यावा. आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत देणे हेही २००२ च्या विनियमांनी ठरविले आहे. ती मागणी लेखी करून पोच घ्यावी. अर्जात विशेषणे नकोत. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय केले गेले, काय सांगितले गेले, एवढेच क्रमाने यावे. उणिवेचे निदान याच तपशिलातून होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांविषयीची तक्रार तालुका व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयाविषयीची जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जाते. नोंदणीकृत व्यावसायिक असल्यास त्याची प्रत परिषदेकडे पाठविण्यास प्रत्यवाय नाही.

अर्जाच्या शेवटी तक्रारदाराने आपली मागणीही लिहावी. ‘कडक कारवाई व्हावी’ असे मोघम लिहिण्याऐवजी, ही उणीव दूर करण्यासाठी कोणते प्रशिक्षण दिले आणि त्याचे परीक्षण कोणी केले, हे कळविण्याची विनंती करता येते. परिषद योग्य ती शिक्षा ठरवू शकते, या शब्दांत अशा आदेशास वाव आहे. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तक्रारीवरील कार्यवाहीची विचारणा करावी. त्यास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.