सायप्रसचा कँकर : सालीखालचा रोग

महाराष्ट्रात सूचिपर्णी झाडे जवळजवळ नाहीतच. मग त्यांच्या रोगाची माहिती आपल्याला कशाला, असे वाटणे साहजिक आहे. कोकण किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी दिसतो खरा, पण तो आवृतबीजी वृक्ष आहे. त्याच्या 'सुया' म्हणजे हिरव्या डहाळ्या असतात, आणि खरी पाने पेरांवर बारीक दातऱ्यांसारखी. 'सुरू' हे नाव मात्र फारसीतल्या 'सर्व' या शब्दाशी जोडता येते, आणि तो 'सर्व' म्हणजे खरा सायप्रस. शाळेच्या बागेतली मोरपंखीही सायप्रसच्याच कुळातली. तेव्हा नाते अगदीच दूरचे नाही.

कँकर म्हणजे सालीवरचा खोलगट, मृत व्रण. लिंबावरचा खैऱ्या रोग इंग्रजीत कँकर याच नावाने ओळखला जातो, पण तो जीवाणूंमुळे होतो. सायप्रसचा कँकर होतो 'सेइरिडियम कार्डिनाले' या बुरशीमुळे. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तो प्रथम लक्षात आला आणि विलिस वॅगनर यांनी १९३९ मध्ये या बुरशीचे वर्णन केले. पुढे ती भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पोचली. इटलीत फ्लॉरेन्सजवळ १९५१ मध्ये तिची नोंद झाली. तिथे सायप्रस हे केवळ झाड नाही. टस्कनीच्या टेकड्या, चर्च, दफनभूमी यांची ओळखच त्यावर आहे. बोलगेरी गावाकडे जाणाऱ्या सुमारे पाच किलोमीटरच्या रस्त्यावर दुतर्फा दोन हजारांहून अधिक सायप्रस उभे आहेत. अशा रांगेत एक झाड वाळले की शेजारच्यांचे काय, ही चिंता लगेच उभी राहते.

बुरशी आत शिरते ती जखमेतून. गारठ्याने पडलेली भेग, वाऱ्याने घासलेली साल, किड्याने पाडलेले छिद्र, काहीही चालते. शिरल्यावर ती सालीचा आतला थर आणि त्याखालचा वाढीचा पातळ थर मारत जाते. झाड आपल्या परीने प्रतिकार म्हणून राळ सोडते. ती सालीवरून ओघळते. व्रण फांदीभोवती पूर्ण फिरला की वरच्या भागाचा खालच्याशी व्यवहार तुटतो. मग पाने आधी फिकी, नंतर तांबूस होतात. म्हणजे आपल्याला रोग दिसतो शेंड्याला, पण त्याचे मूळ असते बरेच खाली. केवळ तांबूस पाने छाटणारा माळी रोग जागीच ठेवतो.

पाणी कमी पडल्यानेही सायप्रस तांबूस होतो, माव्यानेही होतो. मग ओळखायचे कसे? पाण्याच्या ताणात सहसा सारे झाड सुकू लागते. माव्याच्या जागी चिकटा आणि काळी काजळी सापडते. आतल्या बाजूची जुनी पाने वाळणे तर नैसर्गिकच. कँकरमध्ये मात्र हिरव्या झाडात एखादीच फांदी किंवा शेंडा वाळलेला असतो. तिथून खाली येत साल तपासावी. राळेचा ओघळ व दबलेली, तडकलेली साल दिसली की चाकूने हलकेच खरवडावे. निरोगी साल आतून ओलसर व फिकी असते, रोगट साल तपकिरी. दोहोंमधली सीमा बहुधा स्पष्ट दिसते. मेलेल्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे पुटकुळे असतील तर शंका फारशी उरत नाही. त्यांतले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली चातीच्या आकाराचे दिसतात. प्रत्येकात सहा पेशी असतात : मधल्या चार तपकिरी, टोकांच्या दोन रंगहीन.

हे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, छाटणीच्या हत्यारांनी पसरतात, आणि दूरच्या प्रवासाला रोपवाटिकेतली रोगट रोपे कारणीभूत होतात. सालीत राहणारे काही भुंगेरेही त्यांना वाहून नेतात. हे भुंगेरे मरणाऱ्या झाडात वाढतात आणि निरोगी झाडाच्या डहाळ्या पोखरायला जातात. म्हणून तोडलेले लाकूड बागेच्या कोपऱ्यात रचून ठेवणे हा सर्वांत घातक आळस.

उपाय थोडे आहेत. कोरड्या हवेत, व्रणाच्या बऱ्याच खाली, निरोगी सालीपर्यंत येऊन फांदी कापावी, ती जाळावी आणि प्रत्येक कापानंतर हत्यार स्पिरिटने पुसावे. खोडाचा बहुतेक घेर व्रणाने वेढला असेल तर झाडाचा मोह सोडावा. ताम्रयुक्त बुरशीनाशके नव्या जखमांचे रक्षण करतात, पण सालीत घुसलेली बुरशी त्यांनी मरत नाही. मोठ्या झाडांवर वारंवार फवारण्या म्हणजे माझ्या मते बहुतांशी पैसा वाया.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. निरोगी राहिलेल्या झाडांच्या सालीत त्यांनी मुद्दाम बुरशी घातली आणि कोणती झाडे व्रणाभोवती बुचासारखा थर बांधून तिला कोंडतात हे पाहिले. त्यांतून 'बोलगेरी', 'अॅग्रिमेड' असे प्रतिकारक वाण मिळाले. एकाच वाणाची कलमे सगळीकडे लावण्यात मात्र धोका आहे, कारण बुरशी बदलली तर सारी रांग एकदम बळी पडेल.

कॅलिफोर्नियातली एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. मॉन्टेरे सायप्रस नैसर्गिकरीत्या फक्त मॉन्टेरेजवळच्या दोन छोट्या किनारी बनांत उगवतो. समुद्राच्या थंड, धुकट हवेत या रोगाचा त्याला फारसा त्रास होत नाही. हाच वृक्ष लोकांनी आतल्या उष्ण, कोरड्या भागात हौसेने लावला आणि तिथे कँकरने त्याचा जवळजवळ फडशा पाडला.