बेचाळीसातून सतरा

मुलाने वहीत लिहिलंय, 42 वजा 17 बरोबर 35. आता वर्गातल्या मदतनीस बाईंनी काय करावं?

मैत्रिणींनो, अशा प्रश्नांशी मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी झगडत होते. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत. उत्तर आलं की पटकन सांगून मोकळं व्हायचं, ही आपली सवय. ‘अरे वेड्या, पंचवीस!’ पण परीक्षेला तेवढं नको होतं. मुलगा नेमका कुठे चुकला, ते विचारलं होतं. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर त्याने हातचा घेतलाच नाही, सातातून दोन वजा करून टाकले. हे ओळखणं म्हणजे त्या नोकरीचं निम्मं काम.

मी बार्शीची. 1998 साली बी.कॉम. झाले, 2000 साली लग्न झालं आणि पुढच्या वर्षी नवऱ्यामागोमाग अमेरिकेला आले. त्याचा कामाचा व्हिसा आणि माझा त्याच्यावर अवलंबून असलेला एच-फोर. त्या व्हिसावर तेव्हा बायकोला पगाराची नोकरी करताच येत नसे. (2015 पासून काही जणींना परवाना मिळू लागला, पण आमची ती वर्षं निघून गेली होती.) गावाकडे सगळ्यांना वाटायचं, हिचं काय, मजा आहे! मजा होतीच. पण दहा रुपयांची वस्तू घ्यायची तरी ती नवऱ्याच्या कार्डावर, हे मनाला टोचायचं. 2012 साली ग्रीन कार्ड आलं आणि मी म्हटलं, आता पुरे.

मुलीच्या शाळेत मी वाचनाच्या तासाला फुकट मदत करायला जायची. तिथल्याच एका बाईंनी सुचवलं की पॅरा हो. पॅरा म्हणजे पॅराप्रोफेशनल, वर्गशिक्षिकेच्या हाताखालची मदतनीस. मला वाटलं, मुलांवर माया असली की झालं! तसं नसतं. 2002 च्या जानेवारीत तिथे ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ नावाचा कायदा झाला. गरीब मुलांसाठी ज्या शाळांना केंद्र सरकारचे पैसे मिळतात, तिथे शिकवण्यात मदत करणारीला बारावीच्या पुढे काहीतरी दाखवावं लागतं. कॉलेजची दोन वर्षं, किंवा तिथली दोन वर्षांची पदवी, नाहीतर एक परीक्षा. 2015 साली कायदा बदलला, तरी या तीन वाटा बहुतेक ठिकाणी तशाच राहिल्या. शिवाय बोटांचे ठसे देऊन पोलीस तपासणी आणि क्षयाची चाचणी.

माझी तर तीन वर्षांची पदवी! मी खुशीत. पण परदेशातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी विद्यापीठाने थेट, बंद पाकिटात गुणपत्रक पाठवावं लागतं. दादा बिचारा आधी सोलापूरला जाऊन आला. आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही की सोलापूर विद्यापीठ झालं 2004 साली, माझी पदवी शिवाजी विद्यापीठाची. मग कोल्हापूरच्या खेपा. आणि खरी अडचण तर पुढेच होती. पदवीवर मी मंगल आणि पासपोर्टवर मृणाल.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मलाही ते नाव आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या मंगलचीच मी मृणाल, हे सांगणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. विवाहाच्या दाखल्यावरसुद्धा नवंच नाव. राजपत्रात नावबदल छापून घेतलेला नव्हता. तो आता घ्यायचा म्हणजे पुन्हा महिने. शाळा सुरू व्हायला उरले होते दहा आठवडे.

म्हणून तिसरी वाट धरली, परीक्षेची. तिचं नाव पॅराप्रो. नव्वद प्रश्न, अडीच तास. वाचन, गणित आणि लेखन, प्रत्येकी तीस. गुण 420 ते 480 च्या दरम्यान मिळतात आणि पास व्हायला किती हवेत, ते ज्या त्या राज्याने ठरवायचं. कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे आपलं पाठांतर कामी आलं हो! पावकी-निमकी नाही, पण तिसापर्यंतचे पाढे होतेच. व्याकरणाला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवली; वडील ती समोर घेऊन बसवायचे, तेव्हा रडू यायचं. अडले ते औंस, पाउंड आणि क्वार्टपाशी. ते मला दहा वर्षांच्या लेकीने शिकवलं, दुधाचे रिकामे डबे ओट्यावर मांडून. चुकले की म्हणायची, ‘आई, गेस नको करूस, मोज.’

साधारण एक तृतीयांश प्रश्न वर्गातले होते, त्या बेचाळीस वजा सतरासारखे. मला सगळ्यात भीती त्यांची होती, कारण त्यात पाठांतर चालत नाही.

पास झाले. सप्टेंबरात एका शाळेच्या बालवर्गात लागले, तेही एकाच मुलासाठी. स्वमग्न होता, पाच वर्षांचा. कोणाकडे बघायचा नाही, फारसं बोलायचा नाही. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुधाचं खोकं त्याला उघडेना. मी पटकन उघडून दिलं. कोटाची चेन लावून दिली. डब्याचं झाकण काढून दिलं. संध्याकाळी वर्गशिक्षिकेने बाजूला घेतलं. चांगल्या स्वभावाची बाई, पण स्पष्ट बोलली. ‘आज त्याची सगळी कामं तुम्ही केलीत. त्याने काय केलं?’

गाडीत बसून रडले. आपल्याकडे लेकराला भरवणं म्हणजे माया ना! मग तिने सांगितलेली युक्ती धरली. तो अडला की मनात दहापर्यंत मोजायचं, मगच हात पुढे करायचा, आणि तोही फक्त कोपरा धरून द्यायला. दहा आकडे किती लांबलचक असतात, ते करून बघा. मी मराठीत मोजायची. नोव्हेंबरात एकदा मी सातवर असताना खोकं उघडलं. निम्मं दूध माझ्या साडीवर, म्हणजे तिथल्या माझ्या एकुलत्या एका चांगल्या पँटवर सांडलं. त्याने माझ्याकडे बघितलं. प्रथमच.

पैशाचंही सांगते, नाहीतर कोणीतरी भलतंच समजेल. पगार तासावर, शिक्षिकेपेक्षा खूपच कमी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. पुष्कळ जणींना अर्धवेळच ठेवतात, म्हणजे आरोग्यविमा नाही. घर त्यावर चालत नाही. पण पहिल्या चेकमधून मी दादाच्या कोल्हापूरच्या खेपांचे पैसे पाठवले. त्याने घेतले नाहीत, भांडला. मग वहिनीला पाठवले, तिने घेतले!

आता या कामाला दहा वर्षं होऊन गेली. राजपत्राचं काम नंतर सवडीने केलं, पदवीचं मूल्यमापनही झालं.

परवा भाचीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय, मुलगा कॅनडात. म्हणाली, ‘मावशी, सासूबाई विचारतायत नाव काय ठेवायचं. काय सांगू?’ मी म्हटलं, ते तुझं तू ठरव बाई. पण आधी दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका शोध, विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकांचे दोन-तीन संच करून घे, आणि नाव बदललंसच तर राजपत्राची प्रत हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस. ती हसली. म्हणाली, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका सापडतच नाहीये.

‘मग आजच माळ्यावर चढ,’ म्हटलं.