पुण्याची नोकरी, डहाणूचं घर

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी आपाचा फोन आला. "इशानंतर घरी ये रे. पोराला पुण्याहून नोकरीचं पत्र आलंय."

आमचा भाचा दोन वर्षं वापीच्या एका कारखान्यात संगणकावर पॅकिंगची डिझाइनं करत होता. रोज सकाळी डहाणूहून गाडीनं जायचा, रात्री परत. जेवण झालं की मोबाइलवर धडे पाहून थ्री-डी चित्रं बनवायला शिकायचा. ती चित्रं पाहूनच व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. घरात वडील नाहीत. आपा आहे, कॉलेजात जाणारी धाकटी बहीण आहे. म्हणून मशवऱ्याला आम्ही सगळे जमलो.

पहिला प्रश्न अम्मीचा. "गेम म्हणजे जुगार तर नाही ना? तसली रोजी घरात नको."

प्रश्न अगदी बरोबर होता. गेमच्या नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा एक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली, आणि अशा कंपन्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. दुसरा धंदा गोष्ट, चित्र आणि संगणकाची कला यांतून खेळ घडवण्याचा. भाच्याची कंपनी या दुसऱ्या प्रकारातली निघाली. ती कोणते खेळ बनवते, हे त्यानं अम्मीला मोबाइलवर एकेक करून दाखवलं.

हे काम पुण्यात नवं नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तिथे २००८ पासून आहे. 'राजी' हा भारतीय पार्श्वभूमीचा खेळ पुण्यातल्याच एका छोट्या चमूनं केला. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला. तरी चमूनं काम सोडलं नाही, आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आला.

पण दुसरी बाजूही पोरापुढे ठेवली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार, असं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गेम विभागातली १,९०० माणसं कमी केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांत असं होतं, तर छोट्या कंपनीत कायमची नोकरी कोण देणार?

मग वही काढली. आज पगार १८,०००. प्रवास, डबा, वरखर्च ५,००० जाऊन घरात १३,००० येतात. पुण्यात हातात ३०,०००. दोघांत मिळून खोली ७,०००, जेवण ५,०००, बस आणि रिचार्ज २,५००, महिन्यातून एकदा घरी येणं-जाणं १,५००. उरले १४,०००. खोलीची अनामत वेगळीच. म्हणजे एवढ्या धावपळीत फरक पडतो हजार रुपयांचा! वही पाहून आपा म्हणाली, "मग कशाला जायचं?"

भाचा हळूच बोलला, "मामू, वापीत दहा वर्षांनीही मी खोक्यांवरची चित्रंच करणार."

त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

आम्ही तलासरीत शिकवतो. दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी होतात. पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं त्यांच्यासोबत. त्या मुलांना 'जायचं का' असं कुणी विचारत नाही. आमच्या भाच्याला विचारता येत होतं. हीच केवढी मोठी नेमत आहे, हे त्या रात्री जाणवलं.

चार गोष्टी ठरल्या. नेमणूकपत्रातला परीक्षेचा काळ, नोटीस आणि बाँडची अट वाचल्याशिवाय सही करायची नाही. नोकरीसाठी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथेच थांबायचं. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा मोबाइलसुद्धा घ्यायचा नाही. आणि खोली आधी पाहायची, मग वापीचा राजीनामा. ही शेवटची अट आमची. बीएडच्या वेळी आमचं नाव ऐकताच रिकामी खोली 'आत्ताच दिली' झाल्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे.

खोली शोधायला आम्ही त्याच्याबरोबर पुण्याला गेलो. दोन ठिकाणी तोच अनुभव आला. तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षकांनी चहा पाजून किल्ली हातात दिली.

इस्तिखारा करून आपानं होकार दिला होता. निघताना तिनं डब्यात चिकू भरले आणि एवढंच म्हणाली, "नोकरी गेली तर लपवायचं नाही. सरळ घरी यायचं."

पालकहो, मुलं दूर निघाली की आपण पगार विचारतो, पत्ता विचारतो. हे एक वाक्यही त्यांच्या सामानात ठेवा. अपयश घेऊनही घरी येता येतं, हे माहीत असलेलं मूल परक्या शहरात धीरानं राहतं.